ईएलसीबी सारखी पडते? डायरेक्ट करू नका, आधी हे बघा

नाशिकला थंडी पडली की घरोघरी गिझर चालू होतात आणि ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की वीज तोडणारा बोर्डातला स्विच, पडायला लागते. पंचवटीत मावशीकडे हेच झालं, वायरमनने सरळ ती डायरेक्ट करून दिली, म्हणजे तिला वगळून वायर जोडली, आणि दोन दिवसांनी मावशी म्हणते नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. बघितलं तर गिझरचं एलिमेंट फुटलेलं, प्लगची अर्थिंगची वायर तुटलेली आणि करंट पाण्यातून जुन्या लोखंडी पाइपात उतरत होता. म्हणजे ईएलसीबीची डबी खराब नव्हतीच, ती बिचारी रोज सांगत होती.

तिच्या आत एक गोल कोअर असतो आणि त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजने गेलेला करंट तेवढाच न्यूट्रलने परत आला तर हिशोब जुळला, पण त्यातला थोडा जरी ओल्या भिंतीतून, गिझरच्या बॉडीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला की फरक पडतो, तो कोअरवरच्या कॉइलला कळतो आणि स्विच पडतो. 30 मिलीअँपच्या फरकाला 0.3 सेकंदात आणि 150 ला 0.04 सेकंदात पडायलाच पाहिजे. एमसीबी (ओव्हरलोड किंवा शॉर्ट झालं की पडणारा स्विच) आहे की मग, असं लोक म्हणतात, पण 16 अँपच्या एमसीबीला अंगातून पाव अँप गेला तरी पत्ता लागत नाही आणि माणूस जायला त्याहून कमी पुरतो.

आता शोधायचं कसं. सगळ्या एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. जिच्यावर पडेल त्या लाईनचे सगळे प्लग उपटून काढा, नुसतं बटन बंद करून चालत नाही कारण न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. मग एकेक लावून बघा, बहुतेक वेळा गिझर, पाण्याची मोटर नाहीतर जुना फ्रिज सापडतो, पावसाळ्यात गेटवरचा दिवा. प्लग काढूनही पडत असेल तर वायरिंगमध्येच लीकेज आहे, वायरमनला मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घेऊन बोलवा. आणि सगळ्या एमसीबी खाली असतानाच पडत असेल तर कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला टेकलाय असं समजा. सिडकोत रो हाऊसवर वरचा मजला चढवताना दुसऱ्या लाईनचा न्यूट्रल उसना घेतात, इन्व्हर्टर जोडतानाही न्यूट्रल एकत्र करतात, मग फेज हिच्यातून आणि परत येणारा करंट भलतीकडून, ती पडणारच ना.

नवीन घ्यायची तर आरसीसीबी म्हणून मागा (वर सांगितलेली, करंटच्या फरकावर पडणारी ती हीच), वर 30 एमए लिहिलेलं बघून घ्या, 100 किंवा 300 वाली माणसाला शॉकपासून वाचवायला नाही. एमसीबी वेगळी लागतेच, हिला ओव्हरलोड कळत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तरी कळत नाही, कारण हिशोब जुळतो! अर्थिंग पण हवंच, ते असलं की बिघाड होताक्षणी पडते, नसलं तर कोणीतरी हात लावेपर्यंत वाट बघते. ही वाट बघणं मला फार भयंकर वाटतं.

महिन्यातून एकदा तिच्यावरचं टी लिहिलेलं बटन दाबा, लाईट चालू असताना. नाही पडली तर त्याच दिवशी बदला.