रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस आणि थकलेली किडनी: लिहिण्याआधीची तयारी

डोस लिहायला पेन उचलण्याआधी रिपोर्टवरची तारीख बघा. तीन महिन्यांपूर्वीच्या क्रिएटिनिनवर (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ; किडनी थकली की वाढतो) आजचा डोस ठरवू नये. मधल्या काळात जुलाब, उलट्या, ताप झाला असेल किंवा लघवीच्या गोळीचा डोस वाढवला असेल, तर मुळीच नाही. आकडा वरखाली होत असेल तर आधी तो स्थिरावतोय का ते पाहा, कारण क्लिअरन्सचं, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते त्या अंदाजाचं, सूत्र स्थिर क्रिएटिनिन गृहीत धरतं.

मग पेशंटला काट्यावर उभं करा. केसपेपरवरचं वजन बऱ्याचदा नातेवाइकांनी अंदाजाने सांगितलेलं असतं आणि इथे पाच-सात किलोंनी उत्तर बदलतं. लॅबने छापलेला ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा वेगळ्या सूत्राने काढलेला अंदाज) समोर असला तरी अपिक्साबान, रिव्हरोक्साबान अशा नव्या गोळ्यांसाठी कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं 1976 चं जुनं सूत्रच वापरा, कारण गोळ्यांच्या मूळ चाचण्या त्यावरच झाल्या. 140 मधून वय वजा करा, उरलेल्याला वजनाने गुणा, 72 गुणिले क्रिएटिनिनने भागा. बाई असेल तर 0.85 ने गुणा.

दोन पेशंट घेऊ, दोघांनाही एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे अनियमित ठोके, ज्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. सत्तर वर्षांचे गृहस्थ, वजन 80 किलो, क्रिएटिनिन 1.6. क्लिअरन्स येतो साधारण 49. दुसऱ्या 82 वर्षांच्या आजी, वजन 54, क्रिएटिनिन 1.1, म्हणजे रिपोर्टवर नजर अडकू नये असा. त्यांचा क्लिअरन्स मात्र 34 च्या आसपास. आता अपिक्साबान द्यायचं म्हटलं, तर वय 80 किंवा जास्त, वजन 60 किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त, या तिनांपैकी दोन जुळल्या तरच 5 ऐवजी 2.5 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. गृहस्थांची एकच अट जुळते, त्यांना पूर्ण डोस. आजींच्या दोन जुळतात, त्यांना अर्धा. ‘क्रिएटिनिन वाढलंय, अर्धी करून टाका’ हे वॉर्डात सर्रास ऐकू येणारं वाक्य इथे उलटं पडतं. विनाकारण अर्ध्या केलेल्या गोळीने किडनीचं काही भलं होत नाही, पक्षाघाताचा धोका तेवढा उघडा राहतो.

म्हणून गोळीचं नाव पक्कं करा; एकीचा नियम दुसरीला लावू नका. रिव्हरोक्साबानमध्ये वय-वजन नाही, क्लिअरन्स बघतात: 50 च्या खाली 20 ऐवजी 15 मिलिग्रॅम, आणि तेही जेवणासोबतच, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. वरच्या दोघांनाही ती 15 च बसेल. एडोक्साबान 15 ते 50 मध्ये 60 वरून 30 वर येते. डॅबिगॅट्रान जवळपास 80 टक्के किडनीतूनच बाहेर पडते. 30 च्या खाली तिचा विचार सोडलेला बरा.

गोळी कशासाठी चालू आहे, हेही केसपेपरवर ठळक लिहिलेलं हवं. वरची दोन-जुळल्या-तर वाली अट फिब्रिलेशनसाठी आहे. पायातल्या शिरेत ताजी गुठळी असेल तर अपिक्साबानचे पहिले सात दिवस 10 मिलिग्रॅम दोनदा आणि मग 5 दोनदा. तिथे वय-वजन बघून कपात करत नाहीत.

बाकीच्या औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगा, चिठ्ठीवर विसंबू नका. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक त्यातच सापडते: किडनीला त्रास, वर रक्तस्रावाचा धोका. व्हेरापामिल, क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरच्या काही गोळ्या यांनी रक्तातली पातळी चढते. रिफॅम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिनने इतकी उतरते की या गटातली गोळी द्यावी का, हाच प्रश्न होतो.

वॉरफरिन या जुन्या गोळीचं वेगळं. ती यकृतात विघटित होते, तरी किडनी थकलेल्यांना बहुधा कमी डोस पुरतो आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा) जास्त हेलकावतो. तपासणी जवळजवळ ठेवा. रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन उपचारासाठी चालू असेल तर क्लिअरन्स 30 च्या खाली असताना किलोमागे 1 मिलिग्रॅम दोनदाऐवजी एकदाच.

ऑपरेशन ठरलंय का, हे आत्ताच विचारा. रक्तस्रावाचा धोका मोठा असलेल्या शस्त्रक्रियेआधी डॅबिगॅट्रान, क्लिअरन्स 80 च्या वर असेल तर दोन दिवस आधी थांबवतात, 30 ते 50 असेल तर चार. आदल्या रात्री कळलं तर उपयोग नाही.

शेवटी पुढच्या तपासणीची तारीख. क्लिअरन्स 60 च्या खाली असेल तर त्याला 10 ने भागा, तितक्या महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा; आजींचं साधारण तीन महिन्यांनी. ही तारीख डोसच्या शेजारीच लिहा, वजन आणि क्लिअरन्सच्या आकड्यासकट, म्हणजे पुढच्या डॉक्टरला 2.5 का लिहिलंय ते शोधत बसावं लागणार नाही.