पीसी की कन्सोल? वॉरचे गेम घ्यायच्या आधी दोन्ही व्हर्जन घरच्या घरी कसे चेक करायचे

सगळ्यात आधी ते अर्धा स्क्रीन पीसी, अर्धा स्क्रीन पीएस५ (सोनीचा कन्सोल, प्लेस्टेशन ५) वाले यूट्यूबचे व्हिडिओ बंद करा. त्यात गवताची पाती आणि डबक्यातलं प्रतिबिंब झूम करून दाखवतात, त्यातलंपण अर्धं यूट्यूबच्या कॉम्प्रेशनमध्ये जातं, आणि मॅचमध्ये आपण मरतो ते काय गवत कमी हिरवं होतं म्हणून नाही, समोरचा आधी दिसला नाही किंवा ट्रिगर दाबूनही गोळी उशिरा सुटली म्हणून मरतो. तेवढंच तपासायचं आहे आपल्याला.

आधी बघा की तुमचा गेम दोन्हीकडे आहे का. काउंटर-स्ट्राइक २ फक्त पीसीवर आहे, आर्मा ३ पण तसंच, त्यामुळे ह्यातलं काही खेळायचं असेल तर विषय संपला, पीसी घ्या. कॉल ऑफ ड्यूटी आणि बॅटलफील्ड दोन्हीकडे येतात. टेस्टला कॉल ऑफ ड्यूटीचाच वॉरझोन बेस्ट कारण फुकट आहे, दोन्हीकडे टाकता येतो, फक्त साइज तगडी आहे, मोबाईल डेटावर नादाला लागू नका.

आता खरं काम. समजा तुमच्याकडे ठाण्यात पीसी आहे आणि मित्राकडे घणसोलीला पीएस५, तर पीसीचा डबा उचलून ट्रान्सहार्बर लोकलमध्ये चढायचा शहाणपणा करू नका, कन्सोल सॅकमध्ये टाकून आणायला सांगा (पहिला मोठा पीएस५ साडेचार किलोचा आहे, भावाला वडापाव द्या). मुद्दा हा की दोन्ही एकाच स्क्रीनला लावायचे. लोक काय करतात, पीसी मॉनिटरवर बघतात आणि कन्सोल हॉलमधल्या टीव्हीवर, आणि मग म्हणतात कन्सोल स्लो आहे, अरे स्लो तुमचा टीव्ही आहे, त्याचा गेम मोड चालू केलाय का बघा आधी. तो बंद असला की टीव्ही पिक्चर गुळगुळीत करत बसतो आणि तुमचा हात आणि स्क्रीन यांच्यात गॅप पडतो.

हा गॅप मोजता येतो. फोनमध्ये २४० एफपीएसचा (सेकंदाला २४० फ्रेम) स्लो मोशन असेल तर फोन असा टेकवा की ट्रिगरवरचं बोट आणि स्क्रीन दोन्ही दिसतील. गेममध्ये एकटेच ट्रेनिंगला जा, सिंगल शॉट लावा, गोळ्या मारा. नंतर व्हिडिओ एक एक फ्रेम पुढे ढकलत बोट पूर्ण दाबलं गेल्यापासून नळीवर चमक दिसेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलीसेकंद, म्हणजे २४ फ्रेम आल्या तर १०० मिलीसेकंद. एका गोळीवर जाऊ नका, दहाएक गोळ्यांची सरासरी काढा, आणि पीसीवर माऊसने आणि कंट्रोलरने दोन्ही करून बघा. कन्सोलवर सेटिंगमध्ये १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० चित्रं) मोड असेल तर तोपण चालू करून बघा, कारण ६० ला नवीन चित्र दर १६.७ मिलीसेकंदांनी येतं आणि १२० ला ८.३ ने. टीव्ही १२० चा नसेल तर मात्र तो मोड मिळणारच नाही, दुकानदार काहीही सांगू दे.

दुसरं फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर आजूबाजूचं किती रुंद दिसतं ते, ह्याकडे कोणी बघतच नाही. कॉल ऑफ ड्यूटीच्या २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरमध्ये पीसीवाल्याला तो १२० पर्यंत नेता यायचा आणि कन्सोलवाला ८० वर अडकलेला, म्हणजे दाराआडचा माणूस एकाला दिसायचा आणि दुसऱ्याला नाही, आणि क्रॉसप्लेमुळे (पीसी आणि कन्सोलवाल्यांना एकत्र खेळवणं) दोघं एकाच लॉबीत, म्हणजे एकाच मॅचमध्ये! नवीन गेममध्ये कन्सोललापण स्लायडर आलाय. दोन्हीकडे सेम आकडा ठेवूनच तुलना करा. आणि फुल वाढवू नका, लांबचा माणूस मुंगीएवढा दिसतो, सोफ्यावरून तर दिसतच नाही. मी मॉनिटरसमोर १०० च्या आसपास ठेवतो.

एम असिस्टवरून (कंट्रोलरवाल्याला नेम धरायला गेम स्वतः करतो ती मदत) भांडणं चालूच राहतील. माझं मत विचाराल तर जवळच्या राड्यात कंट्रोलरवाला भारी पडतो आणि लांबून स्नायपिंगला माऊसवाला. चीटर पीसीवर जास्त वाटतात आणि कन्सोलवर क्रॉसप्ले बंद करता येतं, पण बंद करून रात्री मॅच लावून बघा, लॉबी भरायला किती वेळ लागतो आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, कमी तेवढा चांगला) किती दाखवतं ते. मुंबईतला सर्व्हर मिळाला तर ठाण्यातून पिंग मस्त येतं, पण माणसंच कमी असली तर लांबच्या सर्व्हरवर फेकतात, मग महागडा कन्सोल असून काय उपयोग.

जुन्या डिस्क स्वस्तात मिळतात म्हणून उचलू नका. बॅटलफील्ड ३ पीसीवर ६४ जणांचा होता आणि पीएस३ वर फक्त २४ जणांचा, नाव तेच, गेम वेगळाच. आणि त्या जुन्या कन्सोलवरचं त्याचं ऑनलाईन २०२४ मध्ये बंदपण झालं. तसंच बॅटलफील्ड २०४२ या गेममध्ये पीएस५ वर १२८ आणि पीएस४ वर ६४, तेव्हा कव्हरवर कन्सोल कुठला लिहिलाय ते वाचा.

पैशाचं गणित घरच्यांना दाखवायचं असेल तर कन्सोलच्या किमतीत पीएस प्लसचे (सोनीचं सबस्क्रिप्शन) पैसे धरा, विकतच्या गेमचं ऑनलाईन त्याशिवाय चालत नाही, वॉरझोनसारख्या फुकट गेमला लागत नाही. पीसीला ही भानगड नाही, पण ग्राफिक्स कार्डची किंमत मुंबईत कॉम्प्युटरच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला विचारून या म्हणजे समजेल. आणि बॅटलफील्ड ६ ला पीसीवर सिक्युअर बूट (पीसी चालू होतानाची एक सुरक्षा सेटिंग) चालू लागतं, जुना मदरबोर्ड असेल तर घ्यायच्या आधी बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन चेक करा. डिस्कवाला कन्सोल घेतला तर गेम संपवून डिस्क विकता येते. स्टीमवर (पीसीच्या गेमचं ऑनलाईन दुकान) घेतलेला गेम विकता येत नाही, पण घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात, म्हणून पहिल्या दिवशी कॅम्पेनचे (एकट्याने खेळायच्या स्टोरीचे) सिनेमे बघत बसू नका, डायरेक्ट मल्टिप्लेअरला जाऊन फ्रेम ड्रॉप होतात का, म्हणजे चित्र अडखळतं का ते बघा, आणि मे महिन्याच्या गरमीत बघा, एसी बंद ठेवून.