बेटांवरच्या देशांत बँकेच्या कर्जानं सरकारी कारभार सुधारला का, हे कसं तपासायचं

पॅसिफिकमधल्या छोट्या देशांना आशियाई विकास बँकेनं, म्हणजे एडीबीनं, सरकारी कारभार सुधारायला कर्जं दिली, त्याचं मूल्यमापन करायचं असेल तर प्रोजेक्टचा कम्प्लिशन रिपोर्ट, म्हणजे प्रोजेक्ट संपल्यावरचा अहवाल, पहिल्या दिवशी उघडू नका. तो नंतर वाचा. त्यात आधी दिसतात त्या पूर्ण झालेल्या अटी, कायदा पास झाला, नवीन खातं सुरू झालं, बँकेकडून कर्जाचा पुढचा हप्ता सुटला, आणि ते वाचून आपलं मत तिथंच बनून जातं. कायदा पुढच्या पाच-सात वर्षांत वापरला गेला का, हा खरा प्रश्न.

कुक बेटांपासून सुरुवात करा, सगळे मुद्दे एकाच ठिकाणी सापडतात. 1996 च्या आसपास सरकार कर्जात बुडालेलं, पगाराचेही वांधे, म्हणून एडीबीच्या मदतीनं आर्थिक पुनर्रचनेचा प्रोग्राम आला आणि सरकारी नोकरांची संख्या निम्म्याहून खाली आणली. बजेटच्या आकड्यांत हे यश दिसतं. पण तिथले लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत, त्यांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे नोकरी गेल्यावर कुटुंबंच्या कुटुंबं निघून गेली, काही हजार माणसं, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा वीस हजाराच्याही आत! म्हणून पगारावर किती पैसे वाचले एवढंच मोजून भागत नाही, राजधानी असलेल्या रारोटोंगा बेटापासून लांबच्या बेटांवर शाळा आणि दवाखाना कोण चालवत होतं ते वर्षवार बघा. पुढे टुरिझम वाढला, अर्थव्यवस्था सावरली, त्यातलं प्रोग्रामचं किती आणि पर्यटकांचं किती हे वेगळं काढायला कष्ट आहेत, पण काढायलाच हवं.

मग विचारा, हे बँकेशिवायही झालं असतं का? मार्शल बेटं आणि मायक्रोनेशियाला 1986 च्या करारानं अमेरिकेचा पैसा मिळायचा, तो टप्प्याटप्प्यानं कमी होणार हे ठरलेलंच होतं, म्हणजे 90 च्या दशकातली खर्चकपात काही प्रमाणात तशीही करावीच लागली असती.

योजना कोणाची होती हेही शोधा. सामोआत 1990 आणि 91 ची वादळं, नंतर तारोच्या, म्हणजे अळूच्या, पिकावरचा रोग, एवढं झाल्यावर तिथल्या नेत्यांनी स्वतःच सुधारणा हातात घेतल्या आणि हळूहळू पुढे नेल्या. वानुआतूत 1997 चा मोठा सुधारणा कार्यक्रम आला तेव्हा सरकारं पटापट बदलत होती. मंत्री बदलल्यावर कोणती सुधारणा टिकली याचा तक्ता करा, माझ्या मते पूर्ण रिपोर्टात यापेक्षा उपयोगाचं पान नसतं.

माणसं मोजायला विसरू नका. तुवालूची लोकसंख्या साधारण अकरा हजार, अर्थखात्यातला एक जाणता माणूस स्कॉलरशिपवर परदेशी गेला तरी काम अडू शकतं. कन्सल्टंट गेल्यावर सिस्टीम कोण चालवतंय, त्याच्या रजेत कोण बसतं, हे थेट विचारा.

आकड्यांसाठी पेफाचे (सरकारी पैशाचा कारभार कसा चालतो हे मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचे) स्कोअर मिळतात पण 2016 ला त्याची पद्धत बदलली, त्यामुळे जुना आणि नवा स्कोअर सरळ शेजारी ठेवू नका. वानुआतूत 2015 च्या पॅम वादळासारखी वर्षं वेगळी दाखवा, नाहीतर निसर्गाचा फटका सुधारणेच्या नावावर जातो. आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फिजीच्या राजधानीतलं, सुव्यातलं, आयएमएफचं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं) सेंटर असे बरेच जण त्याच खात्यांत काम करत असतात, म्हणून श्रेय लिहिताना एडीबीचा वाटा एवढंच लिहा.

मुलाखती फक्त राजधानीतल्या अधिकाऱ्यांच्या घेऊन परत येऊ नका. रिटायर झालेले क्लार्क, लांबच्या बेटावरचे शिक्षक, आणि कुक बेटांच्या बाबतीत ऑकलंडला गेलेली कुटुंबं, ही माणसं तुमच्या यादीत नसतील तर नोकरकपातीच्या परिणामाला रेटिंग देऊ नका, तो रकाना मोकळा ठेवा आणि का मोकळा ठेवलाय ते तिथंच लिहा.