मुलाचा आकांडतांडव: पडतं कुठे घ्यायचं आणि कुठे नाही

मूल जमिनीवर लोळण घेऊन किंचाळत असताना त्याला समजावत बसू नका. त्या क्षणी ते ऐकण्याच्या अवस्थेत नसतं, आणि तुमचं समजावणं त्याच्या लेखी निव्वळ लक्ष असतं. खालची पद्धत साधारण २ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

आधी आठवडाभर नोंद ठेवा. वहीत तीन रकाने आखा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा. ‘मोबाइल काढून घेतला, वस्तू फेकल्या, पाच मिनिटांसाठी परत दिला’ अशी ओळ तीनदा दिसली की हट्टाला खतपाणी कुठून मिळतंय ते कळतं.

झोप मोजा. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास लागतात. त्याहून कमी होत असेल तर आधी तेच सुधारा. ‘गोड बंद करा, मूल शांत होईल’ हा सल्ला सोडून द्या. साखरेने मुलं सैरभैर होतात हे चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही. गोड कमी करायचं ते दातांसाठी.

सूचना जवळ जाऊन, एका वेळी एकच द्या. ‘आवरतोस का?’ असं विचारलंत तर ‘नाही’ हे रास्त उत्तर आहे. ‘गाड्या डब्यात ठेव’ म्हणा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प राहा.

आता खरी कसोटी: दुर्लक्ष. बहुतेक घरांत ही पायरी फसते, कारण ती अर्धवट केली जाते. हट्टाला मिळणारं लक्ष थांबलं की रडणं आधी वाढतं. आवाज चढतो, लाथा सुरू होतात, कधी नवाच प्रकार निघतो. हे अपेक्षितच आहे. आजवर चालणारी किल्ली लागेनाशी झाली, म्हणून मूल ती जोरात फिरवून बघतंय. नेमक्या याच क्षणी घरातलं कुणीतरी कळवळून ‘जाऊ दे, दे त्याला’ म्हणतं. त्यातून मूल एवढंच शिकतं की दहा मिनिटांनी भागत नसेल तर वीस मिनिटं रडायचं. कधी मिळतं, कधी नाही, अशी सवय रोज मिळणाऱ्यापेक्षा चिवट होते. म्हणून शेवटपर्यंत टिकणं जमणार नसेल तर त्या दिवशी सुरूच करू नका. वस्तू द्यायचीच असेल तर रडणं सुरू होण्याआधी देऊन टाका. आजी-आजोबांसकट सगळ्यांचं आधी एकमत करा.

दुर्लक्ष म्हणजे रुसून बसणं नव्हे, खोलीतून निघून जाणंही नव्हे. नजर वळवा, चेहरा कोरा ठेवा, हातातलं काम चालू ठेवा. मूल सुरक्षित आहे ना, एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा. ‘बघ, मी बोलणारच नाही तुझ्याशी’ हेही बोलणंच झालं. आणि रडणं थांबून मुलाने दोन-चार श्वास शांतपणे घेतले, की लगेच वळा. हा क्षण बरेच जण घालवतात. ‘आता गप्प आहे, कशाला छेडा’ म्हणून लांबच राहतात. जवळ घ्या, साध्या आवाजात बोला. मागितलेली वस्तू मात्र तरीही द्यायची नाही.

मारणं, चावणं, वस्तू फेकणं यांकडे दुर्लक्ष चालत नाही. हात धरून थांबवा, ‘मारायचं नाही’ एवढंच म्हणा आणि वयाच्या वर्षाला एक मिनिट या हिशेबाने कंटाळवाण्या पण उजेडाच्या जागी बसवा. कोंडायचं नाही. धपाटाही नको, मारू नको हे मारून शिकवता येत नाही.

कौतुक नेमकं करा: ‘शहाणा बाळ’ नको, ‘चिडलास तरी हात आवरलास’ म्हणा. शिवाय रोज १० मिनिटं मुलाच्या पसंतीचा खेळ, फोन बाजूला ठेवून. दिवस वाईट गेला तरी हा खेळ शिक्षा म्हणून रद्द करायचा नाही.

मूल स्वतःला इजा करत असेल, येणारे शब्द बोलेनासं झालं असेल, किंवा पाच वर्षांनंतरही रोज दीर्घ आकांडतांडव होत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना ती तीन रकान्यांची वही बरोबर न्या.