पत्रकारिता शिकवणाऱ्यांचं देशव्यापी जाळं: बेळगावातून विणताना या चुका टाळा

पत्रकारिता आणि जनसंज्ञापन शिकवणाऱ्यांची देशपातळीवर संघटना हवी, ही सूचना परिसंवादाच्या समारोपात हमखास येते. टाळ्या पडतात, चहाच्या वेळी व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो आणि महिन्याभरात त्यावर फक्त सुप्रभातची फुलं उरतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून हे काम उभारायचं तर अडचणी जरा जास्तच. पण दोन राज्यांची विद्यापीठं आणि दोन भाषांची वर्तमानपत्रं इथं रोज शेजारी नांदतात. कोल्हापूर, बेळगाव आणि धारवाडच्या शिक्षकांना जमेल ती पद्धत बाकी देशातही चालण्याची शक्यता बरीच.

कामाआधी लेटरहेड छापणं ही सगळ्यात जुनी चूक. संस्थापक अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, सहचिटणीस अशी पदं वाटून झाली की साधा सदस्य म्हणायला कुणी शिल्लक राहत नाही. नोंदणीचाही घोळ असतो. कर्नाटकात १९६० चा संस्था नोंदणी कायदा लागतो आणि किमान ७ जण लागतात. महाराष्ट्रात १८६० च्या कायद्याखाली नोंदणी आणि वर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा. म्हणजे कार्यालय निपाणीत की कागलला, यावर फायलीतले कागद बदलतात. नावाचंही जपून. सरकारी आश्रयाचा भास होईल असं नाव १९५० च्या बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्यात अडकू शकतं. पहिलं वर्ष एक निमंत्रक आणि एक खजिनदार पुरे. एखादं काम तडीस गेलं की मग संघटनेची घटना लिहावी.

सदस्य कुणाला करायचं, यातही गफलत होते. विभागप्रमुख आणि पीएचडीवाले एवढीच यादी केली, तर सकाळी दोन तास घेऊन दुपारी डेस्कवर बसणारा उपसंपादक बाहेर राहतो. मराठीच्या नाहीतर कन्नडच्या विभागात राहून ऐच्छिक पेपर शिकवणाऱ्या मॅडमही बाहेर. तालुक्याच्या गावी हा विषय बऱ्याचदा अशाच लोकांच्या जिवावर चालतो. वर्गात उभा राहतो तो सदस्य, एवढा नियम ठेवावा.

आता तारखा. बाहेरच्यांना हा किरकोळ मुद्दा वाटतो, पण इथं बैठका यावरच मोडतात. मराठी पत्रकार दिन ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ च्या ‘दर्पण’मुळे. कन्नड पत्रकार १ जुलैला पत्रिका दिन करतात, कारण १८४३ मध्ये त्या दिवशी ‘मंगळूर समाचार’ निघाला. शिवाय १६ नोव्हेंबरचा राष्ट्रीय पत्रकारिता दिन आहेच. पहिल्या दोन दिवशी आपापले हार-तुरे असतात, त्यामुळे निम्मे लोक येत नाहीत आणि न आलेल्यांना वाटतं, आपल्याला मुद्दाम टाळलं. म्हणून एकत्र कार्यक्रम १६ नोव्हेंबरला किंवा एखाद्या साध्या शनिवारी ठेवावा. १ नोव्हेंबरच्या वाटेला तर जाऊच नये. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी भाषकांचा निषेधाचा काळा दिन, आणि तुमचे निम्मे वक्ते बंदोबस्ताच्या बातमीवर. बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हाही तेच: लॉजमध्ये खोली मिळत नाही आणि बातमीदाराला श्वास घ्यायला फुरसत नसते.

समान अभ्यासक्रमाचा ठराव पहिल्याच सभेत आणू नका. कर्नाटकाने नवं शैक्षणिक धोरण २०२१ मध्ये घेतलं आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. महाराष्ट्र त्या धोरणावरच आहे. श्रेयांक (क्रेडिट) जुळवत बसलात तर वर्ष जाईल. त्यापेक्षा सरावाचे पाठ वाटून घ्या. उदाहरणार्थ, सीमाभागातली एकच घटना निवडा, दुसऱ्या दिवशीचा एक मराठी आणि एक कन्नड अंक घ्या. कोणाचं म्हणणं आधी आलं, फोटोत कोण आहे, पोलिसांचा आकडा कुठं दिला, बातमी कितव्या पानावर, हे विद्यार्थ्यांकडून तक्त्यात लिहून घ्या. सीमाप्रश्नावर संघटनेने भूमिका घ्यावी का, हा वाद ग्रुपवर पेटण्याआधी तो असा वर्गात न्यावा. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो आपल्या बैठकीत निकाली निघणार नाही.

साहित्य पाठवताना मात्र फाँट घात करतो. निपाणीत श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका धारवाडला उघडली की मराठीच्या जागी टोपी घातलेली रोमन अक्षरं आणि चलनाची चिन्हं दिसतात. तिकडून नुडी या कन्नड टायपिंगच्या जुन्या फाँटमध्ये आलेला मजकूर इकडे तसाच. सगळं युनिकोडमध्ये ठेवा आणि सोबत पीडीएफ जोडा. जुन्या फायली कन्व्हर्टरमधून काढल्या तर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, ‘कार्यकर्त्यां’चं काय होईल याचा नेम नसतो. परिपत्रक फक्त इंग्रजीत काढायची खोडही सोडावी. किमान वर चार ओळी मराठीत आणि कन्नडमध्ये हव्यात.

पैशाचं थोडक्यात: वर्गणी लहान ठेवा, पावती त्याच दिवशी द्या, खातं दोन सह्यांचं ठेवा.

शेवटी प्रवास. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या एसटी बंद पडतात. २०२२ च्या शेवटी आणि पुन्हा २०२५ मध्ये हेच झालं. कोल्हापूरच्या सरांना कागलच्या पुढे येता येत नाही आणि आपण सभागृहाचं भाडं भरून बसलेलो असतो. म्हणून निमंत्रणातच मिरज-बेळगाव रेल्वेच्या वेळा लिहून द्या आणि सभा गाडी पोचल्यावर तासाभराने ठेवा.