घडीचा तारा शिवायला बसताय? आधी घरातला कर्कटक शोधा

परकर-ब्लाउज शिवून हात बसलाय आणि आता टेबलावर घालायला काहीतरी वेगळं करावं म्हणून घडीच्या ताऱ्याचा टेबल टॉपर, म्हणजे टेबलावरचा रुमाल, निवडलाय? मग निवड चांगली आहे. ह्यात तुकडे जोडायचे नसतात, कापडाच्या त्रिकोणी घड्या मांजरपाटावर एकावर एक रचायच्या असतात. 'सॉमरसेट स्टार' किंवा 'फोल्डेड स्टार' म्हणून शोधलंत तर व्हिडिओ ढिगानं मिळतील. बघा की, पण त्यात आखणी चौकोनी असेल तर ती घेऊ नका. का ते खाली सांगते.

घडी अगदी सोपी. सव्वादोन इंच रुंदीची पट्टी कापायची, तिचे चार-चार इंचाचे तुकडे करायचे. चार इंचाची एक कड पाव इंच आत दुमडून इस्त्री फिरवायची. त्या दुमडलेल्या कडेचा मध्य धरून दोन्ही कोपरे खाली आणायचे आणि मधोमध भेटवायचे. चार इंच पायाचा, दोन इंच उंच त्रिकोण तयार. मधली फट वरच्या बाजूला. टोक काटकोनाचं असतं, त्यामुळं चार त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की मधलं कापड पूर्ण झाकतं. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत आठ त्रिकोण, टोकं केंद्रापासून अर्ध्या इंचावर; आधी उभ्या-आडव्या रेषांवर चार, मग तिरप्या रेषांवर चार. तिसरी फेरी एक इंचावर, चौथी दीडवर, तशीच आठ-आठची. एकूण २८ घड्या. प्रत्येक टोकाला मांजरपाटापर्यंत जाणारा बारीक टाका आणि पायाकडची उघडी कड धावदोऱ्यानं पक्की. ती कड पुढची फेरी झाकते.

आता सापळा. मी ज्या क्लासला जात होते तिथं मांजरपाटावर पट्टीनं चौकोन आखायला शिकवायचे. केंद्राच्या चारी बाजूंना अर्ध्या इंचावर रेघा, मग एक इंचावर, मग दीडवर. दिसायला नीटनेटकं. उभ्या-आडव्या रेषांवर माप बरोबरच येतं. पण तिरप्या रेषेवरचं टोक येतं चौकोनाच्या कोपऱ्यात, म्हणजे कर्णावर. अर्ध्या इंचाच्या जागी ०.७ इंच, एकच्या जागी १.४, दीडच्या जागी २.१. दुसऱ्या फेरीत फरक डोळ्याला लागत नाही. चौथीत चार टोकं अर्ध्या इंचाहून जास्त मागं पडलेली असतात आणि ताऱ्याचा चौकोन झालेला असतो. मग आपण आपल्या हाताला दोष देत बसतो, उसवतो, परत लावतो, परत तेच! हात बरोबरच असतो, खालची आखणी चुकलेली असते. दहावीतलं पायथागोरस तेव्हा कुठं आठवलं.

म्हणून चौकोन आखूच नका. कापड चौपदरी आणि मग तिरपं दुमडून इस्त्री करा, आठ रेषा उठतात. मधोमध कर्कटकाचं टोक रोवून अर्धा, एक आणि दीड इंच त्रिज्येची वर्तुळं काढा. रेषा आणि वर्तुळ जिथं छेदतात तिथंच घडीचं टोक. कर्कटक नसेल तर पुठ्ठ्याची पट्टी घ्या, एका टोकाला टाचणी टोचून ती केंद्रात रोवा, पट्टीवर तिन्ही मापांना भोकं पाडा आणि पेन्सिल घालून गोल फिरवा. माप नेहमी केंद्रापासून, कधीही कडेपासून नाही. आणखी एक: मांजरपाट तिरपं ओढलं की ताणतं, आणि तुमच्या चार रेषा तिरप्याच असतात. तेव्हा कापड आधी धुवा, खळ घाला, कडक इस्त्री करा आणि मगच आखा. आखल्यावर खळ घालायची नाही.

घाबरू नका, एवढं सांभाळलं की बाकी सगळं सरावाचं काम आहे.

कापड साधं सुती पॉपलीन घ्या, दोन उठून दिसणारे रंग. आपल्याकडं मोह होतो तो गुळेदगुड्डच्या खणाचा. दिसतो देखणा, पण कापलेली कड भराभर उसवते, तेव्हा तो शेवटच्या फेरीला किंवा काठालाच ठेवा. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या साड्यांचे उरलेले तुकडे घरोघरी असतात. त्यातलं आर्ट सिल्क (नकली रेशीम) बाजूला काढा, त्यावर घडी बसत नाही. लाल कापड आधी मिठाच्या पाण्यात नव्हे, साध्या पाण्यात धुऊन, पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा. रंग लागला तर ते कापड ह्या कामाचं नाही.

टाक्यांऐवजी फेविकॉल लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. टोक कडक होतं, त्यातून सुई जात नाही आणि एका धुण्यात सगळं सुटतं. गुरू कुठला करावा म्हणाल तर सुंदर फोटो टाकणारा नको, उलटी बाजू तपासणारा हवा. वडगावची एक अक्का कौदी, म्हणजे गोधडी, शिवते. माझा रुमाल हातात घेतल्या घेतल्या तिनं उलटा केला आणि विचारलं, "गाठी कुठं लपवलीस गं?" तारा तिनं नंतर बघितला. खानापूरपलीकडं हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात ती बाहेरच्या कडेपासून आत येत, आणि कोपऱ्यावर घडीचं 'फुला' लावतात. आपला तारा उलटा, आतून बाहेर. तरी त्यांच्या घड्या एकदा जवळून बघाच.

चार फेऱ्यांचा तारा जेमतेम सहा इंचाचा गोल होतो. टेबलासाठी अठरा इंची कापडाला मधोमध गोल खिडकी पाडून तारा तिच्या मागून लावायचा. मध्याला दोन-तीन पदर आणि कडेला भरपूर, त्यामुळं मशीनची १४ नंबरची सुई कडेला टाके सोडते. १६ किंवा १८ घाला आणि जाड जागेवर पाय न वापरता चाक हातानं फिरवा.

आणि ऑर्डर घेताना आधी विचारा, ह्यावर गरम भांडं ठेवणार का? ठेवणार असतील तर आत पॉलिस्टरचा थर घालू नका, जुन्या सुती चादरीचे दोन पदर घाला.