आधी अर्थिंग, मग ग्राफिक्स कार्ड

मी चिपळूणला घरांचे प्लॅन काढते. दिवसा ऑटोकॅड आणि स्केचअप, संध्याकाळी क्लायंटला दाखवायचे रेंडर, म्हणजे घर बांधल्यावर कसं दिसेल त्याची चित्रं, आणि रात्री साडेदहानंतर गाड्यांच्या शर्यती. शर्यतींचं नवऱ्याला माहीत आहे. सासूबाईंच्या लेखी तेव्हाही माझं कामच चाललेलं असतं.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या ऑफिसातला जुना डेस्कटॉप गेला. त्यानंतर चार वर्षं लॅपटॉपवर काढली. २०२५चे गणपती झाल्यावर सुटे भाग आणून पहिल्यांदाच स्वतः कॉम्प्युटर जुळवला. तेव्हापासून भाचा मागे लागलाय, "मावशी, मला पण यादी करून दे." पण माझी यादी त्याच्या, किंवा हे वाचणाऱ्या तुझ्या, काय कामाची? भाव बदलतात, कामं वेगळी असतात. म्हणून यादी करायची कशी, तेच सांगते.

पहिला खर्च वायरमनचा. हसू नकोस. आमच्याकडे जुन्या घरांत तीन भोकांचा प्लग असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. अशा प्लगला कॉम्प्युटर लावला की कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच मुंग्या येतात. कारण साधं आहे. पॉवर सप्लायच्या तोंडाशी गाळणी म्हणून छोटे कपॅसिटर असतात आणि ते थोडी वीज पत्र्याकडे सोडतात. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर मेनच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. करंट अगदी कमी म्हणून माणसाला फक्त मुंग्या, पण एचडीएमआय नाहीतर यूएसबीची केबल लावता-काढताना तोच दाब महागड्या चिपमधून वाट काढू शकतो. वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलव, अर्थिंगची वायर खरंच जोडलेली आहे ना ते बघायला लाव आणि मग न्यूट्रल-अर्थमधला दाब मोजायला सांग. दोन-तीन व्होल्टच्या आत असला तर पुढचं वाच.

आता कागद घे आणि रोज उघडतोस ते प्रोग्रॅम लिही. खेळ नंतर. माझ्या कागदावर तीन नावं होती, आणि त्यांच्या मागण्या दोन तऱ्हांच्या. ऑटोकॅड आणि स्केचअप यांचं बरंचसं काम प्रोसेसरचा एकच कोअर, म्हणजे आतला एकच कामकरी, करतो, त्यामुळे सोळा कोअर घेऊन पंधरा झोपवून ठेवण्यात अर्थ नाही. सहा वेगवान कोअर पुरतात. रेंडर मात्र मी डी५ रेंडरमध्ये करते आणि तिथे सगळा भार ग्राफिक्स कार्डावर. भाचा व्हिडिओ एडिटिंग शिकतोय, त्याच्या कागदावर रॅम आणि डिस्क वर येतील. नुसतं एक्सेल आणि खेळ असेल त्याने खेळाच्याच हिशोबाने घ्यावं, एक्सेल कशावरही चालतं.

मग स्क्रीन. लोक ती शेवटी उरलेल्या पैशांत घेतात आणि तिथेच गणित उलटं होतं, कारण कार्डाला किती ओझं उचलायचंय ते स्क्रीन ठरवते. २४ इंचाला १०८०पी, म्हणजे उभे १०८० ठिपके, ठीक दिसतं. तेच १०८०पी २७ इंचावर ताणलं की ठिपके मोठे होतात आणि ऑटोकॅडची तिरकी रेघ पायरीसारखी दिसते. मी २७ इंची १४४०पी आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसे न बदलणारी) घेतली. १४४०पीला १०८०पीच्या पावणेदोन पट ठिपके रंगवावे लागतात, तेव्हा कार्डही त्या तोलाचं हवं. तू नुसता खेळणार असशील, तर २४ इंची १०८०पी घे आणि वाचलेले पैसे कार्डात घाल.

कार्डाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. रेंडरचे बरेच प्रोग्रॅम एनव्हिडियाच्या कार्डांवर जास्त सुखाने चालतात. ब्लेंडर हा थ्रीडी प्रोग्रॅम वापरणाऱ्यांचाही तोच अनुभव. म्हणून माझा प्रश्न तिथेच सुटला. फक्त खेळायचं असेल तर एएमडीचं कार्ड त्याच पैशांत बहुतेक वेळा जास्त देतं, तिथे हट्ट नको. खरा प्रश्न कार्डावरच्या मेमरीचा. माझ्या एका बंगल्याच्या सीनमध्ये झाडं, गवत आणि जांभ्याच्या भिंतींचे टेक्स्चर भरले की आठ जीबी संपतात आणि मग माऊस हलवला तरी चित्र अडखळतं. म्हणून आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीवालं घेतलं. इथे एक सापळा आहे. ५०६० टीआय हे एकच नाव ८ जीबीलाही आहे आणि १६ जीबीलाही. एएमडीच्या ९०६० एक्सटीचंही तसंच. दुकानदाराने फोनवर "टीआय आहे ना मॅडम" म्हटलं की पुढचा आकडा विचारायचाच, आणि खोक्यावर स्वतः वाचायचा. तीन पंखे की दोन, दिवे लागतात की नाही, यावर पैसे घालवू नकोस. चिप तीच असते.

प्रोसेसर मी रायझेन ५ ७६०० घेतला. सहा कोअर, बारा थ्रेड, खोक्यात पंखा आलेला. कोकणच्या मे महिन्यात तो पंखा आवाज करतो, पण काम करतो. वेगळा कूलर एक-दोन हजारांत मागाहून बसवता येतो. इंटेलही चाललं असतं, मी सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, बघून ठरवलं. एएम५ सॉकेट २०२२ला आलं आणि निदान २०२७पर्यंत चालू ठेवू, असं एएमडीने जाहीर केलंय. त्याआधीच्या एएम४वर २०१७चे कित्येक बोर्ड बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) बदलून २०२२चे प्रोसेसर चालवत होते, म्हणून यावेळीही विश्वास ठेवला. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता आला तर बोर्ड आणि रॅमचे पैसे वाचतील. एक अक्षर मात्र जपायचं: प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर आत डिस्प्ले नाही. कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं की एफवाला कॉम्प्युटर तेवढे दिवस नुसतं खोकं. माझ्यासारख्या पोटापाण्याच्या मशीनला एफ नको, मग हजार-दीड हजार वाचत असले तरी.

बोर्ड बी६५०चा, मायक्रो-एटीएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा. महागडा बोर्ड घेतला म्हणून खेळ जास्त पळत नाही. बघायचं ते एवढंच: एसएसडीसाठी एम.२च्या दोन जागा, मागे पुरेसे यूएसबी आणि वाय-फाय. यातलं शेवटचं मी विसरले. बोर्ड हजार रुपयांनी स्वस्त मिळाला म्हणून खुशीत घेतला, घरी आल्यावर आठवलं की राउटर खाली माजघरात आणि मी माडीवर. आता जांभ्याच्या भिंतीला भोक पाडून केबल वर आणली आहे. गवंड्याने घेतलेले पैसे धरले तर बोर्ड महागच पडला.

रॅम ३२ जीबी, सोळाच्या दोन पट्ट्या, डीडीआर५ ६०००. या प्रोसेसरांना हा वेग मानवतो. चार पट्ट्या भरू नकोस, एएम५वर चार लावल्या की वेग बराच खाली येतो. बोर्डावर चार खाचा असतील तर दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात, प्रोसेसरच्या बाजूने मोजायचं. आणि बायोसमध्ये जाऊन एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या पुऱ्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केल्याशिवाय ६०००ची पट्टी ४८०० नाहीतर ५२००नेच धावते. आमच्या ओळखीत एकजण वर्षभर तसाच वापरत होता. भावाचं म्हणशील तर मी नऊ हजारांना घेतली आणि पुढच्या काही महिन्यांत तीच दुपटीच्या वर गेली. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या आपला माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवू लागल्या, त्याचा हा परिणाम. भाव चढलेलेच असतील तर आत्ता सोळाची एकच पट्टी घे. खेळ थोडे मंद होतील, पण मशीन उभं राहील. दुसरी घेताना तेच मॉडेल शोध, आणि तरीही जमलं नाही तर वेग जरा उतरवून चालव. भाव कमी होईपर्यंत थांबायचं म्हणून प्रोसेसरचं खोकं कपाटात ठेवून वॉरंटीचे महिने घालवू नकोस.

एसएसडी एक टीबी, एनव्हीएमई जेन ४. इथे विचार करायला फार काही नाही. हा, टीएलसी आणि क्यूएलसी अशा दोन जातींच्या मेमरी चिप येतात, त्यातली टीएलसी लिहिलेली घे, क्यूएलसी भरत आली की मोठ्या फायली लिहिताना दमते. आणि जुन्या ड्रॉइंग्जची प्रत बाहेरच्या डिस्कवर, ती डिस्क दुसऱ्या घरी. पुरात माझी अकरा वर्षांची ड्रॉइंग्ज गेली, त्यावर यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

पॉवर सप्लायपाशी लोक हात आखडता घेतात. "कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो की" असं कुणी म्हटलं तर तो फुकटचा सप्लाय तिथेच ठेवून ये. हिशोब कर: प्रोसेसर जोरात असताना ८८ वॅट, कार्ड १८०, बाकी सगळं मिळून साठ धर. झाले ३३०च्या आसपास. कार्ड क्षणभर याहून उंच उडी मारतं, म्हणून नावाजलेल्या कंपनीचा ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड. ८० प्लस म्हणजे वीज वाया किती जाते त्याचा शिक्का, सप्लाय मजबूत असल्याचा नव्हे. मजबुतीचा अंदाज वॉरंटीवरून घ्यायचा. पाच वर्षं आणि वर लिहिलं असेल तर बनवणाऱ्याला भरवसा आहे.

त्याच ३३०मध्ये मॉनिटरचे तीस मिळव. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस देतो ३६० वॅट. म्हणजे नेमकं काठावर. पावसाळ्यात दिवसातून पाचदा लाइट जाते, आणि खेळ चालू असताना गेली की असा यूपीएस किंचाळून बंद पडतो. ११०० व्हीए, ६६० वॅटचा घे. घरात इन्व्हर्टर असेल आणि त्यावर यूपीएस मोडचं बटण असेल, तर आधी ते दाबून बघ. वीज गेल्यावर पॉवर सप्लाय स्वतःच्या जिवावर दहा-पंधरा मिलिसेकंदच तग धरतो, आणि साध्या मोडमधल्या इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. पंखा-ट्यूबला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं. काही यूपीएस आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत आणि काही नवे सप्लाय त्यावर रुसतात, म्हणून घेतल्या आठवड्यातच भार टाकून भिंतीचं बटण बंद करून पाहा. बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत.

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. काचेच्या तोंडाचं दिसायला छान, पण आत हवा जायला वाट कुठून? जाळीमागे निघणारा फिल्टर असावा, आमच्याकडे तांबडी माती महिन्यात थर धरते. मागच्या रिकाम्या पट्ट्या सगळ्या लावून घे. माझ्या मैत्रिणीच्या कॅबिनेटमध्ये पालीने अंडी घातली होती. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमध्ये मावणारी लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या असतात, शेजारी शेजारी लिहून ताडून बघ. आणि जमिनीवर ठेवू नकोस. मी पुरानंतरची माणूस, माझं टेबलावरच असतं.

खरेदीला मी तुतारी एक्स्प्रेसने रात्री निघाले, पहाटे दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड आणि चालत लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार. दुकानं उघडायला अकरा वाजले, म्हणजे चार तास चहावर. रविवारी जाऊ नकोस, बहुतेक बंद असतात. ऑनलाइन भाव छापून नेला होता, दोन ठिकाणी त्याच्याखाली मिळालं, एका ठिकाणी नाही. पक्कं बिलच घ्यायचं, त्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर. कच्च्या बिलावर पाचशे वाचतात आणि वॉरंटी लटकते. वॉरंटीचं केंद्र कुठे आहे तेही विचार. आपल्याला मुंबई-पुणे-कोल्हापूर यांपैकी काही धरावंच लागतं. बोर्डाचं खोकं दुकानातच उघडून सॉकेटच्या पिना सरळ आहेत ना ते बघ, एएम५मध्ये पिना प्रोसेसरला नसून बोर्डावर असतात, आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढ, लाजू नकोस.

माझं बिल हजारांत गोल करून: प्रोसेसर १८, बोर्ड १२, रॅम ९, एसएसडी ६, कार्ड ४७, सप्लाय साडेपाच, कॅबिनेट ४, मॉनिटर १७, यूपीएस साडेसहा. सव्वा लाख. भाच्याकडे एवढे पैसे नाहीत. त्याने कार्ड एक पायरी खाली आणि स्क्रीन १०८०पी घ्यावी. सप्लाय आणि यूपीएसला हात लावायचा नाही.

जुळवायला आम्हाला एक रविवार लागला. कूलरखालचं पारदर्शक प्लॅस्टिक काढलं, दोनदा बघून. संध्याकाळी सात वाजता बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळीच. भाचा म्हणाला, "मावशी, बंद कर, जळेल." मी वाचलेलं होतं की डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना रॅमची ओळख करून घेत बसतं आणि त्याला काही मिनिटं लागतात, म्हणून त्याचा हात धरून ठेवला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग नवरा खालून चहा घेऊन आला, मागे वाकून बघितलं आणि विचारलं, "ही मॉनिटरची केबल कार्डाला नाही का लावायची?" ती बोर्डाला लावली होती, आणि कार्ड बसवलेलं असलं की आमचा बोर्ड प्रोसेसरमधला डिस्प्ले बंद ठेवतो.